भाड्याच्या जुन्या शिडाच्या होड्या : इतिहास कसा शोधावा, दुरुस्ती कशी करावी

भाड्याने दिलेल्या वस्तूला वाली नसतो, असा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. भाड्याची सायकल असो, मंडप असो की हातगाडी असो, वापरणारा ती आपली समजत नाही आणि मालकही ती झिजली की मोडीत काढून नवी आणतो. असे असताना इंग्लंडच्या पूर्व भागात नव्वद-शंभर वर्षांपूर्वी भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या लाकडी शिडाच्या होड्या आजही पाण्यावर आहेत, आणि त्यांतील कित्येक आजही भाडे कमावून आपला खर्च काढतात. हे कसे घडले, हे आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेण्यासारखे आहे. लाकूडकाम, लोहारकाम, शिवणकाम किंवा भाड्याचा कोणताही धंदा करणाऱ्याला त्यातून काही ना काही मिळेल, असे आम्हाला वाटते.

हा धंदा कसा उभा राहिला

नॉरफोक आणि सफोक या दोन जिल्ह्यांत 'ब्रॉड्स' नावाचा जलप्रदेश आहे. नद्या आणि त्यांना जोडलेली उथळ तळी मिळून सुमारे २०० किलोमीटर जलमार्ग होतो, आणि त्यावर बंधारा किंवा पाण्याचा दरवाजा मध्ये येत नाही. ही तळी निसर्गाने केली असे लोक पूर्वी समजत. परंतु १९५० नंतरच्या दशकात जॉइस लँबर्ट या संशोधक बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मध्ययुगात जळणासाठी दलदलीतील माती खणून काढली गेली, ते खड्डे पुढे पाण्याने भरले आणि त्यांचीच ही तळी झाली. म्हणजे मुळातच ही जागा मजुरांच्या हातांनी घडलेली आहे.

या पाण्यावर 'व्हेरी' नावाची मालवाहू होडी चालत असे. एक डोलकाठी, एक मोठे काळे शीड आणि सहसा दोन माणसे, एवढ्यावर कोळसा, धान्य, लाकूड, विटा यांची ने-आण होई. १८४४ मध्ये नॉरिच ते यार्मथ रेल्वे सुरू झाली, आणि १८७४ मध्ये ती रॉक्सम गावापर्यंत पोहोचली. रेल्वेने व्हेरीचा माल हळूहळू काढून घेतला, परंतु त्याच रेल्वेने शहरातले प्रवासीही आणून सोडले. काही व्हेरीमालकांनी उन्हाळ्यात होडीचा मालाचा भाग धुऊन पुसून त्यात बिछाने व टेबल मांडले आणि कुटुंबांना आठवड्याच्या भाड्याने होडी दिली. हातचा धंदा जात असता रडत न बसता त्याच भांडवलाचा दुसरा उपयोग शोधणे, ही व्यापारी बुद्धी येथे दिसते.

जॉन लॉइन्स नावाच्या एका सुताराने १८८० च्या सुमारास केवळ भाड्यासाठी होड्या ठेवण्यास सुरुवात केली. त्याला या धंद्याचा आद्य पुरुष मानतात. १९०८ मध्ये हॅरी ब्लेक यांनी अनेक होडीवाल्यांच्या होड्या एकाच छापील यादीत आणून बुकिंग घेण्याची एजन्सी काढली. लहान कारागीर आपल्या वर्कशॉपमध्ये राहिला आणि त्याचे गिऱ्हाईक लंडनहून यादी पाहून येऊ लागले. उन्हाळ्यात भाडे आणि हिवाळ्यात दुरुस्ती, व्हार्निश व नव्या होडीची बांधणी असा वर्षाचा क्रम बसला. माणसांना बारा महिने काम मिळाले.

या होड्यांची घडण त्या जागेला अनुसरून होती. पाणी उथळ म्हणून होडीचा तळ फारसा खोल नसे. पूल बुटके, विशेषतः पॉटर हायम येथील मध्ययुगीन दगडी पूल फारच बुटका, म्हणून डोलकाठी बिजागरीवर बसवलेली असे. डोलकाठीच्या बुडाला शिसे किंवा लोखंडाचे वजन असल्यामुळे ती एक-दोन माणसांना सहज आडवी करता येई. खोलीचे छप्पर रात्री वर उचलता येई, म्हणजे माणसाला आत उभे राहता येई. वारा पडला तर लांब बांबूसारख्या काठीने तळाला रेटा देऊन होडी ढकलत. यातली एकेक युक्ती होडीची ओळख पटवताना कामी येते, म्हणून ती येथे सांगितली.

होड्या मोडीत का निघाल्या

दुसऱ्या महायुद्धात भाड्याचा धंदा बंद पडला. शत्रूची विमाने पाण्यावर उतरू नयेत म्हणून कित्येक होड्या तळ्यांवर आडव्या बांधून ठेवल्या गेल्या. युद्धानंतर गिऱ्हाईक परतले, परंतु त्याला इंजिनाची होडी हवी होती. १९६० नंतर फायबरग्लासच्या होड्या आल्या. त्यांना दरवर्षी रंधा, खिळा आणि व्हार्निश यांची तेवढी गरज नव्हती. धंदेवाल्यांनी लाकडी शिडाच्या होड्या विकून टाकल्या. कोणी डोलकाठी काढून त्यात राहू लागले, कोणी नाव बदलून कुटुंबासाठी वापरली, आणि कित्येक होड्या कालव्याच्या कडेला चिखलात बसल्या.

मॉड नावाच्या व्हेरीची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. ती १८९९ मध्ये बांधली गेली. माल वाहून झाल्यावर १९६० नंतरच्या दशकात तिला रॅनवर्थ तळ्यात काठ खचू नये म्हणून बुडवून टाकले. म्हणजे होडीचा बांध केला! १९८१ मध्ये पवनचक्क्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री व त्याची पत्नी यांनी तिला चिखलातून वर काढले. ती पुन्हा शिडावर चालली ती १९९९ मध्ये. अठरा वर्षे लागली. पुढे २०१५ मध्ये ती नॉरफोक व्हेरी ट्रस्टकडे सुपूर्द झाली. अशा कामाला पैसा लागतोच, पण त्याहून अधिक धीर लागतो.

होडीची ओळख कशी पटवावी

समजा, एखाद्या माणसाला पडीक होडी मिळाली. विकणारा सांगतो, ही अमक्या वर्कशॉपची, अमक्या सालची. या बोलण्यावर विश्वास ठेवून लाकूड तोडायला बसू नये. जाणकार पुढील क्रमाने शोध घेतात.

पहिला साक्षीदार होडी स्वतः. प्रथम टेप घेऊन लांबी, रुंदी, खोली, डोलकाठीची जागा व बरगड्यांमधील अंतर मोजावे. भाड्याच्या होड्या बहुधा एकाच फर्म्यावर चार-पाच अशा बांधल्या जात. त्यांना 'बहिणी' म्हणतात. एक बहीण कोठे चालू स्थितीत असेल तर तिच्याशी माप ताडून पाहता येते. त्यानंतर खिळे पाहावेत. तांब्याचे रिव्हेट, जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी खिळे, जुने एका खाचेचे स्क्रू की नवे चौफुलीच्या खाचेचे, यावरून मूळ काम कोणते आणि मागाहून केलेली दुरुस्ती कोणती ते कळते. प्लायवूड आढळले तर तो भाग बहुधा युद्धानंतरचा. रंग एकदम खरवडू नये. लहान जागी थर थर काढला तर खाली जुने नाव किंवा नंबर सापडतो. पितळी अक्षरे काढून टाकली असतील तरी त्यांच्या खिळ्यांची भोके राहतात. सरकारी जहाज-नोंदणीत दाखल झालेल्या होडीचा नंबर आतील मुख्य आडव्या तुळईवर कोरलेला असतो, तोही पाहावा.

दुसरा साक्षीदार छापील यादी. भाड्याच्या होडीची बाजू येथे भक्कम आहे. श्रीमंताच्या खाजगी होडीची जाहिरात कोणी करत नाही, परंतु भाड्याच्या होडीची दरवर्षी करावी लागे. ब्लेक यांच्या व १९४४ मध्ये निघालेल्या होझीझन्स यांच्या वार्षिक यादीत होडीचे नाव, मालक, किती माणसे झोपतील, आतील नकाशा व आठवड्याचे भाडे छापलेले असे. पाच-सहा वर्षांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर होडी कधी आली, कधी इंजिन बसले, कधी दुसऱ्या मालकाकडे गेली आणि कधी यादीतून नाहीशी झाली, हे दिसते. त्या काळी कोणी या याद्या जपून ठेवाव्यात असे समजत नव्हते. हंगाम संपला की त्या रद्दीत जात. आज त्यांचे मोल कळते.

तिसरा साक्षीदार नदीच्या दप्तरातील नंबर. या नद्यांवर चालणाऱ्या होडीला कर भरावा लागे आणि नंबर मिळे. हे काम पूर्वी यार्मथच्या बंदर आयुक्तांकडे होते, आणि १९८९ पासून ते ब्रॉड्स अथॉरिटीकडे आहे. नाव बदलले तरी नंबर पुष्कळदा तोच राहतो. त्यामुळे जुन्या छायाचित्रात नाव वाचता येत नसेल आणि नंबर दिसत असेल तर शोध पुढे जातो. मोठ्या होड्यांसाठी लॉइड्सची खाजगी नौकांची नोंदवही १८७८ पासून १९८० पर्यंत छापली जात असे, तिचाही उपयोग होतो.

चौथा साक्षीदार इतर कारागीर. होडी बांधणाऱ्याचे दप्तर जळाले, बुडाले किंवा वारसांनी फेकले असे होते. परंतु तिचे शीड शिवणाऱ्याकडे मापाची वही असते, कारण फाटलेल्या शिडाच्या जागी नवे शिवायचे तर जुने माप लागते. रॉक्समच्या जेकेल्स या शीडवाल्यांचा धंदा १८३२ पासूनचा आहे. जेथे धंदा पिढ्यान् पिढ्या एका जागी राहतो तेथे अशी आठवणही राहते. त्याशिवाय म्हातारे कामगार, त्यांची मुले, भाड्याने होडी घेतलेल्या कुटुंबांचे सुट्टीतले फोटो, गावच्या पोस्टकार्डावरील चित्रे यांचा शोध घ्यावा. स्टॅलहॅम येथे ब्रॉड्सचे संग्रहालय आहे व नॉरिच येथे जिल्ह्याचे दप्तरखाने आहे, तेथेही चौकशी करता येते.

नावाने फसू नये

नाव ही सर्वांत कच्ची खूण आहे. मालक बदलला की नाव बदलते. मुंबईशी संबंध असलेले एक उदाहरण देतो. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानाचे 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज बांधले गेले. पुढे विसाव्या शतकात कित्येक दशके ते 'फूद्रोयां' या दुसऱ्याच नावाने शिक्षणनौका म्हणून वावरले. १९८७ मध्ये ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे नेले, १९९० पासून २००१ पर्यंत त्याची दुरुस्ती चालली आणि त्या काळात त्याचे मूळ नाव परत देण्यात आले. मुंबईच्या कारागिरांनी निवडलेले सागवान दोनशे वर्षांनंतरही टिकून आहे. परंतु मधल्या काळात केवळ नावावर जाणाऱ्याला मुंबईचा पत्ता लागला नसता.

ब्रॉड्सवर 'ललबाय' नावाची भाड्याची होडी आहे. १९८४ च्या एका बीबीसी मालिकेत तिने 'टीझल' या कथेतील होडीचे काम केले. त्या वेळचे छायाचित्र कोणाच्या हाती पडले तर तो 'टीझल'ला शोधत बसेल.

उलट, कधी नावच दूरचा धागा दाखवते. १९०५ मध्ये बांधलेल्या 'हॅथॉर' या व्हेरी पद्धतीच्या नौकेच्या आत प्राचीन मिसरची चित्रलिपी व कमळाची नक्षी लाकडात बसवलेली आहे. नॉरफोकच्या नदीवर मिसर कोठून आले? उत्तर असे की, नॉरिचच्या कोलमन कुटुंबातील आजारी मुलाला हवापालटासाठी नाईल नदीवर नेले होते. तेथे त्यांनी 'हॅथॉर' नावाची दहबिया भाड्याने घेतली होती, आणि १८९७ मध्ये त्या प्रवासातच तो वारला. त्याच्या बहिणींनी त्याच्या आठवणीखातर आपल्या नौकेला ते नाव दिले. दहबिया ही नाईलवरील शिडाची प्रवासी होडी होय. तिचे नाव अरबीतील 'ज़हब' म्हणजे सोने या शब्दापासून आले, असे सांगतात. एका भाड्याच्या होडीची आठवण अशी दुसऱ्या होडीच्या लाकडात उतरली.

दुरुस्ती : काय ठेवावे, काय बदलावे

ओळख पटली म्हणजे दुरुस्तीची दिशा ठरते. होडी कोणत्या सालच्या स्थितीला आणायची, हा पहिला प्रश्न. बांधली तेव्हाची, बिनइंजिनाची, की पुढे भाड्यावर चालत होती तेव्हाची? दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात, परंतु ते कामापूर्वी ठरवून लिहून ठेवले पाहिजे. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक जहाजांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय संस्थाही हाच आग्रह धरते की, तोडण्यापूर्वी मोजा, फोटो घ्या आणि नोंद करा.

त्यानंतर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) होडीला आधी आधार द्यावा. जुनी होडी वर्षानुवर्षे चुकीच्या टेकूवर राहिली की तिची दोन्ही टोके खाली झुकतात व मध्य वर येतो. फळ्या काढण्यापूर्वी तिचा आकार सरळ करून जखडून टाकावा. सर्व बरगड्या एकदम काढू नयेत. एक सोडून एक बदलाव्यात. नाहीतर आकार हरवतो, आणि आकार हरवला की होडी हरवली.

२) गोड्या पाण्यावरील होडीचे लाकूड बहुधा खालून नव्हे, वरून कुजते. पावसाचे पाणी वरच्या फळ्यांच्या कडेने, खोलीच्या कोपऱ्यातून झिरपते आणि जेथे हवा लागत नाही तेथे साचते. म्हणून टोकदार हत्याराने आधी वरच्या कडा, मागची फळी आणि आडव्या तुळयांची टोके तपासावीत.

३) ओकच्या लाकडात आम्ल असते. ते लोखंडी खिळा खाते आणि गंजलेला खिळा भोवतालचे लाकूड काळे करून सडवतो. अशा जागी लाकूड चांगले दिसले तरी पकड गेलेली असते. तांबे किंवा ब्राँझ वापरावे, परंतु ओल्या जागी लोखंड व तांबे शेजारी शेजारी ठेवू नये, त्यात लोखंड लवकर जाते.

४) कोरड्या पडलेल्या होडीच्या फळ्या आक्रसतात व फटी रुंदावतात. नवशिका माणूस त्या फटी कडक मसाल्याने गच्च भरतो. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात, त्यांना जागा मिळत नाही आणि बरगड्या तडकतात. फटीत कापसाची वात ठोकून वरून मऊ लांबी भरावी. पहिले काही दिवस होडी पाणी घेते, मग फळ्या फुगून ती आपोआप बंद होते. घाबरून जाऊ नये, पंप तयार ठेवावा.

५) लाकडी अंगावर फायबरग्लासचा थर चढवणे हा स्वस्त उपाय वाटतो. पण लाकूड हलते, थर हलत नाही. आत ओल अडकते आणि काही वर्षांत आतून भुसा होतो. अशा होड्या पुष्कळ गेल्या.

६) काढलेला कुजका तुकडा लगेच जाळू नये. तोच नव्या तुकड्याचा फर्मा होय. त्यावर नंबर घालून ठेवावा. जेथे अर्धी फळी चांगली आहे तेथे लांब तिरपा सांधा देऊन अर्धीच बदलावी. जितके जुने राहील तितकी होडी खरी राहील.

७) मूळ भाग नाहीसा झाला असेल तर अंदाजाने नक्षीकाम करू नये. बहीण-होडीवरून माप घ्यावे, आणि नवा भाग नवा आहे अशी नोंद ठेवावी. खोटे जुनेपण हे गिऱ्हाइकाशी केलेले खोटे बोलणे आहे.

भाडे हेच औषध

आता पैशाचा विचार. अशी होडी उघडल्याशिवाय तिचा खर्च कळत नाही. म्हणून शहाणा मिस्त्री एकदम आकडा सांगत नाही. तो आधी तपासणीची मजुरी घेतो, मग टप्प्याटप्प्याने अंदाज देतो. मालकही सुखी राहतो आणि मिस्त्रीही बुडत नाही. जो पहिल्या दिवशी ठोक रक्कम सांगतो तो एकतर नुकसानीत जातो, नाहीतर काम लपवतो.

दुरुस्त झालेली होडी मखरात ठेवली तर ती पुन्हा सुकते. वापर हाच तिचा खरा सांभाळ. नॉरफोक व्हेरी ट्रस्ट १९४९ मध्ये निघाला. त्याने १८९८ ची अल्बियन ही व्हेरी, जी तेव्हा डोलकाठी नसलेला नुसता मालाचा तराफा होऊन पडली होती, पुन्हा शिडावर आणली. आरंभी तिने मालच वाहून पोट भरावे असा प्रयत्न झाला. तो परवडला नाही. मग तिला माणसांच्या सहलींसाठी भाड्याने देऊ लागले आणि ती टिकली.

त्याहून मोठे उदाहरण लडम गावच्या हंटर यार्डचे. पर्सी हंटर व त्यांच्या मुलांनी १९३० नंतरच्या दशकात भाड्यासाठी इंजिनाशिवाय चालणाऱ्या लाकडी शिडाच्या होड्यांचा ताफा बांधला. १९६८ मध्ये तो जिल्हा कौन्सिलने मुलांना नौकानयन शिकवण्यासाठी विकत घेतला. १९९० नंतर खर्च झेपेना म्हणून कौन्सिलने तो विकण्याचे ठरवले. ताफा फुटला असता तर एकेक होडी एकेका मालकाकडे जाऊन हळूहळू संपली असती. गावच्या लोकांनी वर्गणी जमवली, १९९६ मध्ये ट्रस्ट झाला आणि ताफा, वर्कशॉप व त्यातील कारागीर एकत्र राहिले. उन्हाळ्याच्या भाड्यातून हिवाळ्याची मजुरी निघते, आणि तरुण मुले म्हाताऱ्याच्या हाताखाली शिकतात. पैशाने होडी पुन्हा विकत घेता येते, पण फुटलेले वर्कशॉप पुन्हा जमवता येत नाही.

आपल्यासाठी काय

कोकणच्या खाड्यांतून पडाव, मचवे, गलबते माल घेऊन मुंबईला जात होती, आणि त्यांवर तांडेल व खलाशी म्हणून आपल्या कित्येक घरांतील माणसे होती. रस्ते झाले, इंजिने आली, शिडे उतरली. आज एखाद्या किनाऱ्यावर जुन्या गलबताचा सांगाडा दिसला तर ते कोणी बांधले, कोणत्या लाकडाचे, कोणत्या मापाचे, हे सांगणारी वही बहुधा नसते. आपले कारागीर माप डोक्यात आणि हातात ठेवत आले. हात थांबला की माप गेले.

म्हणून आमची सूचना साधी आहे. होडी असो, कपाट असो, शिलाई असो की गाडीचे बॉडीकाम असो, वर्कशॉपमध्ये एक जाड वही ठेवावी. त्यात तारीख, गिऱ्हाईक, माल कोठून घेतला, माप, वापरलेले खिळे-स्क्रू, घेतलेली मजुरी व पुढे केलेली दुरुस्ती लिहावी. आपल्या कामावर न दिसणाऱ्या जागी नाव व साल कोरावे. छापील दरपत्रकाची एक प्रत दरवर्षी बाजूला ठेवावी. मोबाइलवर फोटो काढता येतो, तो तारखेनिशी सांभाळावा. आणि हे सर्व दोन जागी ठेवावे. १ ऑगस्ट १९९४ रोजी नॉरिचच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आग लागली आणि एक लाखाहून अधिक पुस्तके नष्ट झाली. जे दुसरीकडे होते तेवढे राहिले.

व्यवहार लिहून ठेवावा ही शिकवण आपल्याला नवी नाही. आपण ती उधारीपुरती पाळतो, कधी तेवढीही पाळत नाही. कामाचीही नोंद ठेवली तर उद्या आपल्या मुलाला किंवा एखाद्या परक्या मिस्त्रीला आपले काम उघडून दुरुस्त करता येईल. भाड्याच्या होड्या ज्यांनी बांधल्या त्यांना असे वाटले नसेल की शंभर वर्षांनी कोणी आपल्या खिळ्यांची भोके मोजत बसेल. त्यांनी फक्त हंगामासाठी यादी छापली आणि मापे लिहून ठेवली. तेवढ्यानेच त्यांच्या होड्या लाकूडफाट्यात जाण्यापासून वाचल्या.